गाझा ते फुस्तात : इमाम शाफई (रह.) यांची ज्ञानयात्रा



दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्यासारख्या शिक्षकाच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. पेढे देऊन होतात, चहा होतो, तरीही आलेली मंडळी उठत नाहीत. मग हळूच मनातला प्रश्न बाहेर येतो. मुलाला पुढील शिक्षणासाठी शहरात पाठवावे की नाही? मुलगी असेल तर हाच प्रश्न अधिक दबक्या आवाजात विचारला जातो. तिकडे आपले कोणी नाही, वसतिगृहाचा खर्च झेपेल की नाही, संगत कशी मिळेल, नमाज-रोजा सुटणार तर नाही? आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे शिकलेले मूल पुन्हा आपल्या घराकडे वळून पाहील की नाही? बहुधा हा प्रश्न आईच विचारते, कारण आमच्या भागातील कितीतरी घरांतील वडील मुंबईत किंवा आखाती देशांत असतात.

हे प्रश्न खोटे नाहीत. जो ते हसण्यावारी नेतो त्याला आईबापाचे मन कळले नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु त्यांचे उत्तर देण्यापूर्वी मी तुम्हांला एका आईची व तिच्या मुलाची हकीकत सांगू इच्छितो. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे आहोत असे अभिमानाने सांगतो. आपल्या मशिदीत असरची वेळ लवकर होते, फजरच्या नमाजात कुनूत वाचली जाते, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण ज्यांच्या नावाने आपण ओळखले जातो ते इमाम शाफई (रहमतुल्लाह अलैह) कोण, कोठले, आणि किती गावे व शहरे ओलांडल्यावर ते इमाम झाले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून या अंकाच्या निमित्ताने त्यांचे जीवन तुमच्यापुढे ठेवीत आहे.

गाझामधील विधवा आई

इमामसाहेबांचे नाव मुहम्मद, वडिलांचे नाव इद्रीस. त्यांच्या एका पूर्वजाचे नाव शाफे होते, त्यावरून शाफई हे नाव पडले. कुरैश वंशातील मुत्तलिब शाखेत हे घराणे येते, म्हणजे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या घराण्याशी त्यांचे जवळचे नाते होते. इमामसाहेबांचा जन्म हि. १५० मध्ये, म्हणजे इ. स. ७६७ साली, पॅलेस्टाइनच्या समुद्रकिनाऱ्यावरील गाझा येथे झाला. आज ज्या गाझाचे नाव आपण दुःखाने घेतो तेच हे गाव. त्याच वर्षी बगदाद येथे इमाम अबू हनीफा यांचे निधन झाले होते.

मूल तान्हे असतानाच वडील वारले. घरात पैसा नव्हता. त्या तरुण विधवेपुढे दोन मार्ग होते. गाझामध्येच राहून मुलाला कोणत्या तरी कामाला लावावे, किंवा त्याला घेऊन मक्केला जावे. मक्केत पतीचे कुलबांधव होते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे विद्या होती. मूल येथेच वाढले तर त्याला आपले कूळही कळणार नाही आणि शिक्षणही मिळणार नाही, ही चिंता तिला लागली होती. गाझा ते मक्का हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. वाट वाळवंटाची, वाहन उंटाचे, आणि कडेवर दोन वर्षांचे पोर. तरीही ती निघाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. इमाम शाफईंच्या जीवनातील पहिला प्रवास त्यांनी स्वतः ठरविलेला नव्हता. तो त्यांच्या आईने ठरविला. त्या माउलीने एकही ग्रंथ लिहिला नाही, परंतु पुढील सर्व ग्रंथांची सुरुवात तिच्या त्या एका निर्णयात आहे.

मक्का : हाडांवर लिहिलेले धडे

मक्केत आल्याने गरिबी संपली नाही. मुलाला मक्तबात घातले खरे, पण गुरुजींची फी देण्यास आईजवळ काही नव्हते. गुरुजींचेही लक्ष बेताचेच असे. तथापि त्यांच्या ध्यानात आले की आपण इतर मुलांना जे शिकवितो ते हा मुलगा नुसते ऐकून पाठ करतो आणि आपण उठून गेलो की बाकीच्या मुलांना तोच शिकवीत बसतो. गुरुजींनी विचार केला की या मुलाकडून फीपेक्षा अधिक लाभ होत आहे. त्यांनी फी माफ केली.

सातव्या वर्षी त्यांनी कुरआन मुखोद्गत केले. पुढे मशिदीत आलिमांच्या बैठकीत बसून हदीस व मसले ऐकावेत आणि घरी येऊन लिहून ठेवावेत, असा क्रम सुरू झाला. लिहायला कागद कोठला? जनावरांची रुंद हाडे गोळा करून त्यांवर ते लिहीत. सरकारी कचेरीत जाऊन एका बाजूने वापरलेली, टाकाऊ झालेली पाने मागून आणीत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. लिहिलेली हाडे घरातल्या रांजणात टाकून ठेवीत. विद्यार्थी मित्रांनो, वही संपली म्हणून ज्याचा अभ्यास राहतो त्याने त्या रांजणाची आठवण ठेवावी.

याच काळात त्यांनी एक वेगळाच प्रवास केला. तो गावाकडून शहराकडे नव्हता, तर शहराकडून वाळवंटाकडे होता. हुझैल ही टोळी शुद्ध अरबी भाषेसाठी व काव्यासाठी नावाजलेली होती. तरुण शाफई त्या टोळीत जाऊन राहिले, त्यांच्याबरोबर मुक्काम हलवीत हिंडले, त्यांची भाषा आणि त्यांच्या कवींचे काव्य त्यांनी आत्मसात केले. पुढे अस्मईसारख्या प्रख्यात भाषापंडितानेही हुझैलचे काव्य त्यांच्याकडून तपासून घेतले असे सांगतात. तेथेच ते तिरंदाजी शिकले. दहा बाण सोडले तर दहाही नेमके बसावेत इतका हात तयार झाला. जेथे जी विद्या उत्तम मिळते तेथे जाऊन ती घ्यावी, ही शिस्त त्यांनी कोवळ्या वयात अंगी बाणवली होती.

मक्केत मुस्लिम बिन खालिद झंजी आणि सुफियान बिन उयैना हे त्यांचे मोठे गुरू. त्यांच्या हाताखाली शाफईंची एवढी तयारी झाली की ऐन तारुण्यातच मुस्लिम बिन खालिद यांनी त्यांना फतवा देण्याची परवानगी दिली. म्हणजे त्या वयात ते मक्केचे एक मान्यवर आलिम म्हणून स्थिर होऊ शकले असते. लोक विचारायला आले असते, मान मिळाला असता, आईजवळ राहता आले असते. आपल्यापैकी बहुतेकांनी तेच केले असते. पण त्यांच्या मनाला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. मदिनेत इमाम मालिक होते, आणि त्यांच्यासमोर बसून आपण अजून शिकलो नव्हतो.

मदिना : वशिल्याची चिठ्ठी आणि पाठांतर

मक्का ते मदिना हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. निघण्यापूर्वी शाफईंनी इमाम मालिक यांचा ‘मुवत्ता’ हा हदीसग्रंथ मिळवून तो संपूर्ण पाठ केला. त्याचबरोबर मक्केच्या सुभेदाराकडून मदिनेच्या सुभेदाराच्या नावे एक शिफारसपत्रही घेतले. मदिनेचा सुभेदार ते पत्र पाहून संकोचला, कारण इमाम मालिक यांच्या दाराशी जायला मोठमोठे अंमलदारही कचरत. अखेर तो शाफईंना घेऊन गेला. पत्र वाचताच इमाम मालिक नाराज झाले. पैगंबरांची विद्या आता वशिल्याने मिळवायची वेळ आली काय, असा त्यांचा रोख होता. तेव्हा त्या तरुणाने पुढे होऊन नम्रपणे आपली हकीकत सांगितली आणि ‘मुवत्ता’ तोंडपाठ म्हणायला प्रारंभ केला. इमाम मालिक ऐकतच राहिले.

मित्रांनो, या प्रसंगाचा अर्थ तुम्ही नीट ध्यानात घ्या. नव्या शहरात चिठ्ठीने दार उघडेलही, पण आत बसायला जागा मिळते ती तयारीने. शाफई मदिनेला रिकाम्या हाताने गेले नाहीत. जे शिकायला जायचे होते त्याचा पाया त्यांनी घरीच घालून नेला होता. हि. १७९ (इ. स. ७९५) मध्ये इमाम मालिक यांचे निधन होईपर्यंत शाफईंनी त्यांचे शिष्यत्व सोडले नाही. मक्केत ज्याला फतवा देण्याचा मान होता तो मदिनेत पुन्हा विद्यार्थी होऊन बसला.

येमेन : पोटासाठी गेलेली वर्षे

गुरू गेले. शाफईंचे वय तिशीच्या जवळ आले होते आणि घरची स्थिती हलाखीचीच होती. याच सुमारास येमेनचा एक अंमलदार मक्केला आला असता काही कुरैशी मंडळींनी शाफईंना नोकरी देण्याची त्याला विनंती केली. प्रवासाची तयारी करण्यापुरतेही पैसे आईजवळ नव्हते, म्हणून घर गहाण ठेवून ते येमेनला गेले असे चरित्रकार सांगतात. परगावी जाताना घर किंवा दागिने गहाण पडणे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. थोर इमामाच्या घरातही ते घडले होते.

नजरान येथे त्यांनी सचोटीने कारभार केला. अंमलदारांची खुशामत करणारे लोक तेथे होते, पण शाफईंसमोर कोणाचीच खुशामत चालली नाही. त्यामुळे शत्रू निर्माण झाले. खलिफाविरुद्ध अलवी पक्षाशी त्यांचे संगनमत आहे असा आरोप रचून त्यांना हि. १८४ (इ. स. ८००) मध्ये इतर काही जणांसह बेड्या घालून खलिफा हारून रशीद यांच्यासमोर नेण्यात आले. बरोबरच्यांचे प्राण गेले. शाफई आपल्या निर्भीड व मुद्देसूद बोलण्याने वाचले.

तेव्हा पालकांनो, परगावी गेल्याने नेहमी भलेच होते असे मी म्हणणार नाही. येमेनने शाफईंना भाकरी दिली आणि त्याच येमेनने त्यांना मृत्यूच्या दारापर्यंत नेले. नवे गाव म्हणजे नवी माणसे, आणि त्यांत भली-बुरी दोन्ही असतात. परंतु या संकटातून त्यांना जे मिळाले ते कोणत्याही नोकरीत मिळाले नसते.

इराक : प्रतिपक्षाच्या पाठशाळेत

खलिफासमोर शाफईंच्या बाजूने चांगला शब्द टाकणारे गृहस्थ होते इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी. ते इमाम अबू हनीफा यांचे नामांकित शिष्य आणि त्या काळचे मोठे न्यायाधीश. त्या वेळी इस्लामी कायद्याच्या अभ्यासकांत दोन प्रमुख परंपरा होत्या. मदिनेचे आलिम हदीस आणि मदिनावासीयांचे आचरण यांवर भर देत. इराकमधील आलिम हदीस मानीतच, पण नव्या नव्या प्रश्नांना उत्तर देताना तर्क आणि तुलना यांचा अधिक उपयोग करीत. दोन्हीकडील शिष्यांत कडवे वादविवाद होत. शाफई हे मदिनेच्या पाठशाळेत वाढलेले. प्राण वाचले, आता घरी परतावे, असे त्यांना सहज म्हणता आले असते.

त्यांनी तसे केले नाही. ज्यांच्याशी मतभेद होता त्यांच्याच चरणी ते विद्यार्थी म्हणून बसले. शैबानी यांचे ग्रंथ त्यांनी खर्च करून मिळविले, उतरवून घेतले, त्यांतील एकेका मसल्यावर विचार केला, प्रश्न विचारले, वाद घातला. उंटावर लादण्याइतके ग्रंथ व टिपणे जमली असे सांगतात. मतभेद शेवटपर्यंत राहिले, पण शैबानींचे ऋण त्यांनी आयुष्यभर मोकळेपणाने मानले.

आपली मुले पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जातात तेव्हा प्रथमच त्यांना वेगळ्या पद्धतीने नमाज पढणारे सोबती भेटतात. असरची वेळ निराळी, फजरमध्ये कुनूत नाही. काही मुले गोंधळतात, तर काही भांडतात. त्यांना एक हकीकत सांगावी. इमाम शाफई बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजरची नमाज पढले तेव्हा त्या थोर पुरुषाच्या आदराखातर त्यांनी तेथे कुनूत वाचली नाही, असे सांगतात. ज्यांच्यामुळे आपण कुनूत वाचतो त्यांची ही वृत्ती होती.

यानंतर ते मक्केला परतले आणि हरम शरीफमध्ये शिकवू लागले. आता मदिना आणि इराक या दोन्हींची विद्या एका माणसाजवळ होती. हजसाठी आलेले तरुण अहमद बिन हंबल वयोवृद्ध आलिमांची बैठक सोडून या शिक्षकाजवळ येऊन बसले. पुढे तेही चार प्रमुख इमामांपैकी एक झाले.

हि. १९५ (इ. स. ८१०) मध्ये शाफई पुन्हा बगदादला गेले, पण या वेळी शिक्षक म्हणून. ‘रिसाला’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ याच काळातला. धार्मिक कायद्याचा निर्णय कसा करावा, कुरआन, सुन्नत, आलिमांचे एकमत आणि तुलनेने काढलेला निष्कर्ष यांचा क्रम काय असावा, याची शास्त्रशुद्ध मांडणी त्यांनी त्यात केली. या विषयावरचा आपल्या हाती आलेला सर्वांत जुना पद्धतशीर ग्रंथ म्हणून त्याची ख्याती आहे. वाचकहो, असा ग्रंथ केवळ मदिनेत राहिलेल्या माणसाच्या हातून झाला नसता आणि केवळ इराकमध्ये राहिलेल्या माणसाच्या हातूनही झाला नसता. दोन्ही शहरांत विद्यार्थी म्हणून बसलेल्या माणसानेच तो लिहिला.

फुस्तात : स्वतःचेच लेखन पुन्हा तपासले

बगदादमध्ये कीर्ती झाली, शिष्य मिळाले. वय पन्नाशीच्या घरात आले. या वयात माणूस बस्तान बसवितो. शाफईंनी सुमारे इ. स. ८१४-१५ मध्ये पुन्हा गाठोडे बांधले आणि ते मिसरला गेले. आजचे कैरो शहर त्या वेळी वसलेले नव्हते. त्याची स्थापना इ. स. ९६९ मधील. त्या काळचे प्रमुख शहर फुस्तात. तेथील हजरत अम्र बिन आस यांनी बांधलेल्या मशिदीत शाफईंनी आपले वर्ग सुरू केले.

त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखे आहे. फजरनंतर कुरआन शिकणारे येत. सूर्य वर आला की ते उठत आणि हदीसचे विद्यार्थी बसत. त्यांच्यानंतर वादविवाद व मसल्यांची चर्चा. शेवटी अरबी भाषा, व्याकरण आणि काव्य यांचे अभ्यासक, ते थेट दुपारपर्यंत. रात्रीचे त्यांनी तीन भाग केले होते. एक लेखनाला, एक नमाजाला, एक झोपेला. वैद्यकाचाही त्यांचा अभ्यास होता आणि मुसलमानांनी या विद्येकडे दुर्लक्ष करावे याची त्यांना खंत वाटे, असे त्यांचे शिष्य सांगत.

मिसरमध्ये त्यांनी जे केले ते मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम वाटते. तेथे त्यांना नवे आलिम भेटले, नव्या हदीस कानी आल्या, लोकांचे निराळे व्यवहार दिसले, आणि आपल्याच जुन्या मतांवर पुन्हा विचार करायला सवड मिळाली. जेथे जुने मत पुराव्याला उतरेना तेथे त्यांनी ते बदलले. ‘रिसाला’ पुन्हा नव्याने लिहिला. त्यांच्या मिसरमधील शिकवणीचा मोठा ठेवा ‘अल्-उम्म’ या ग्रंथात आहे. बगदादमधील मतांना कदीम, म्हणजे जुनी, आणि मिसरमधील मतांना जदीद, म्हणजे नवी, असे म्हणतात. काही थोडे मसले सोडले तर शाफई मसलक आजही जदीद मतांवर चालतो. आपण कोकणात ज्याप्रमाणे वागतो त्यातील बराच भाग अशा रीतीने एका प्रवासी माणसाने पन्नाशीत स्वतःला सुधारल्यामुळे आपल्याकडे आला आहे.

हे काम सोपे नव्हते. मिसरमध्ये इमाम मालिक यांच्या अनुयायांचा मोठा वर्ग होता. आपल्या परमपूज्य गुरूंच्या काही मतांशी लेखी मतभेद प्रकट करायची वेळ आली तेव्हा शाफईंचे मन वर्षभर कचरत होते असे सांगतात. अखेर त्यांनी ते लिहिले. त्यामुळे रोषही झाला. तथापि गुरूंबद्दलचा आदर त्यांच्या बोलण्यातून कधी कमी झाला नाही.

फुस्तातमध्ये आणखी एक थोर व्यक्ती होती, सय्यदा नफीसा. हजरत हसन (रजि.) यांच्या वंशातील ही विदुषी मक्केत जन्मली, मदिनेत वाढली आणि पुढे मिसरला येऊन स्थायिक झाली. इमाम शाफई त्यांच्याकडे जात, त्यांच्याकडून हदीस ऐकत आणि आजारात त्यांच्याकडे दुआ मागत. मुलींच्या शिक्षणाबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की आपले इमाम एका विदुषीच्या दाराशी शिकायला जात होते.

शेवटची काही वर्षे त्यांची प्रकृती ठीक नव्हती. आजारातही लेखन व अध्यापन चालूच होते. हि. २०४ च्या रजब महिन्याच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी ८२० मध्ये, फुस्तात येथे ते अल्लाहला प्यारे झाले. हिजरी सनाप्रमाणे वय अवघे ५४ वर्षांचे. त्यांची जनाजा सय्यदा नफीसा यांच्या घराकडून नेण्यात आली आणि त्यांनीही नमाज अदा केली असे सांगतात. बुवैती, मुझनी आणि रबी बिन सुलैमान मुरादी या शिष्यांनी त्यांची विद्या जतन करून पुढे पोचविली. त्यांच्या कबरीवर इ. स. १२११ मध्ये सुलतान अल्-कामिल याने भव्य घुमट बांधला. कैरोमधील त्या घुमटाच्या शिखरावर एक लहानशी धातूची नाव बसविलेली आहे. आयुष्यभर प्रवास केलेल्या या माणसाच्या कबरीवर ती नाव मला फार शोभून दिसते.

आपल्यासाठी बोध

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ या. कोकणातला मुसलमान घर सोडायला घाबरतो असे कोणी म्हणू शकणार नाही. आपले पूर्वज बोटीवर गेले, मुंबईला गेले, आफ्रिकेला गेले, आखातात गेले. शाफई मसलक मुळात आपल्याकडे आला तोच समुद्रमार्गे, अरब व्यापाऱ्यांच्या संबंधातून. इ. स. ९१६ च्या सुमारास प्रवासी मसऊदी चौल येथे आला तेव्हा तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद त्याने केली आहे. तेव्हा प्रवास आपल्या रक्तातच आहे. परंतु आपण पोटासाठी जितक्या सहजपणे घर सोडतो तितक्या सहजपणे विद्येसाठी सोडत नाही. बारावी नापास मुलाला परदेशी पाठविण्यासाठी कर्ज काढणारे वडील, हुशार मुलीच्या वसतिगृहाचा खर्च ऐकून गप्प होतात, हे मी पाहिले आहे. इमामसाहेबांच्या जीवनात दोन्ही प्रकारचे प्रवास आहेत. येमेनचा प्रवास पोटासाठी होता. तोही गैर नव्हता. पण आज त्यांचे नाव राहिले ते मक्का, मदिना, इराक व मिसर या विद्येच्या प्रवासांमुळे.

नव्या शहराचे लाभ कोणते, असे विचाराल तर त्यांच्या चरित्रात ते स्पष्ट दिसतात. हुझैलच्या मुक्कामाने त्यांना भाषा दिली. मदिनेने गुरू दिला. येमेनने व्यवहार आणि माणसांची पारख शिकविली. इराकने विरुद्ध मताचा आदर शिकविला. मिसरने स्वतःची चूक दुरुस्त करण्याची संधी दिली. यांपैकी शेवटचे दोन लाभ घरी बसून मिळणे सर्वांत कठीण, कारण घरी व गावात सगळे आपल्यासारखेच बोलतात.

म्हणून पालकांनो, मुलाला पाठविताना शहर किती मोठे आहे हे विचारू नका. तेथे शिकविणारे कोण आहेत, संस्था कशी आहे, राहण्याची सोय कोणाच्या देखरेखीखाली आहे, हे विचारा. शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहून या. शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृहासाठी अर्ज करायला संकोच करू नका. गरज असेल तर संस्थेच्या कार्यालयात या, आम्ही शिक्षक तो भरून देऊ. फी माफ झाल्याने इमाम शाफईंची प्रतिष्ठा कमी झाली नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जाल तेव्हा पाया पक्का करून जा, विद्यार्थी म्हणूनच राहा, आणि ज्यांनी तुमच्यासाठी घर गहाण ठेवले त्यांना दर आठवड्याला फोन करा.

राहता राहिली आईच्या मनातली शेवटची भीती, की मूल परत येईल की नाही. याबाबत मी खोटा दिलासा देणार नाही. इमाम शाफई जन्मगावी राहण्यासाठी परतले नाहीत. त्यांची कबर मिसरमध्ये आहे. परंतु त्यांची विद्या मात्र परतली. पॅलेस्टाइनमध्ये, त्यांच्या गाझामध्ये, लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच मसलकावर नमाज पढत आले आहेत. तीच विद्या केरळात, भटकळला, इंडोनेशिया व मलायात, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि आपल्या कोकणातल्या लहानशा मशिदीपर्यंत पोचली. दोन वर्षांचे पोर कडेवर घेऊन निघालेल्या त्या आईला यातले काहीच माहीत नव्हते. मुलाने शिकावे एवढेच तिला कळत होते, आणि त्यासाठी ती घर सोडून निघाली.

या वर्षी निकालानंतर जी आई माझ्याकडे येईल तिला मी हीच हकीकत सांगणार आहे. निर्णय तिचा तिनेच घ्यावा. अल्लाह आपल्या सर्व मुलामुलींना उपयुक्त विद्या देवो, आणि त्यांना परगावी पाठविण्याचे धैर्य आपणा पालकांना देवो. आमीन.